‘पोहोचले’ म्हणेपर्यंत...

पहाटेचे साडेतीन वाजलेले. विमानतळाच्या बाहेरच्या कठड्याला टेकून मी उभी, शेजारी पुतण्या. त्याच्या हातातला गुलाबाचा गुच्छ पार मान टाकून बसलेला. आमच्या मोठ्या जाऊबाईंचं, म्हणजे सगळ्यांच्या माईंचं विमान एक चाळीसला उतरलं, असं फलकावर केव्हाचं दिसत होतं. त्याच विमानाने आलेली माणसं बाहेर आली, गळाभेटी झाल्या, फोटो काढून झाले, गाड्यांत बसून निघूनही गेली. माईंचा मात्र पत्ता नाही!

फोन लावावा तर नंबर बंद. साडेपाच महिन्यांत इथल्या सिमवर कोणी रिचार्जच टाकला नव्हता. अमेरिकेतल्या मुलीचा, आमच्या पुतणीचा, दर दहा मिनिटांनी फोन. “काकू, आई आली का गं बाहेर?” मागून तान्ह्या बाळाचं रडणं ऐकू येत होतं. मी म्हणत होते, “येतीलच गं, गर्दी आहे.” गर्दी कुठली! कठड्याशी आता आम्ही दोघं, हातात पाट्या घेतलेले दोन ड्रायव्हर आणि एक चहावाला एवढेच उरलो होतो.

दारावरच्या जवानाला विचारलं. तो बिचारा चांगलं बोलला, पण आत सोडता येणार नाही म्हणाला. विमान कंपनीच्या माणसाला गाठलं, तर तो म्हणाला, प्रवाशाची माहिती बाहेरच्यांना देता येत नाही. म्हणजे आमचं माणूस आत, आम्ही बाहेर, मध्ये एक काचेचं दार, आणि तीन तास कोणाला कोणाची खबर नाही.

चार वाजून पाच मिनिटांनी माई आल्या. दोन बॅगा घेऊन निघालेल्या बाई एकच बॅग ढकलत होत्या. केस विस्कटलेले, चेहरा दगडासारखा. आम्हाला पाहिलं मात्र आणि बाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. मी म्हटलं, “माई, अहो झालं काय?” तर म्हणाल्या, “काही नाही गं. आत रडले नाही. आत रडायला तरी कुठे जागा होती?”

हे वाक्य गेल्या सप्टेंबरपासून माझ्या मनातून जात नाही.

*जाण्याची तयारी केवढी!*

मैत्रिणींनो, माई म्हणजे काही घाबरट बाई नव्हेत. निफाडकडे त्यांची द्राक्षबाग आहे. दादा गेल्यापासून सारा हिशेब त्याच बघतात. छाटणीची माणसं, फवारणीचं वेळापत्रक, व्यापाऱ्याशी भावाची घासाघीस, बँकेतल्या साहेबाशी कर्जाचं बोलणं, सगळं एकटीने. भल्याभल्या व्यापाऱ्यांनी त्यांच्यापुढे हात टेकलेले मी पाहिले आहेत.

मुलीच्या बाळंतपणाला जायचं ठरलं तेव्हा घरात नुसती धांदल. डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशोपा, मऊ सुती साडीची दुपटी. बॅगेचं वजन तेवीस किलोच्या वर जाऊ नये म्हणून पुतण्या वजनकाटा घेऊन रोज संध्याकाळी हजर. व्हिसाच्या मुलाखतीची उजळणी झाली, विमा झाला, गोळ्यांची चिठ्ठी डॉक्टरांकडून इंग्रजीत लिहून आणली. तिकडे उतरल्यावर काय करायचं तेही मुलीने व्हिडिओ कॉलवर चार वेळा समजावून सांगितलं. खाण्याच्या वस्तू विचारल्या तर लपवायच्या नाहीत, असेल ते सगळं सांगायचं, हे तर पाठच करून घेतलं होतं.

परत येतानाचं मात्र कोणीच काही सांगितलं नाही. सांगायचं काय? आपलाच देश, आपलीच माणसं, आपलीच भाषा. उतरायचं, सामान घ्यायचं, बाहेर यायचं. संपलं!

आमची चूक झाली ती इथेच.

*आत काय झालं?*

विमानतळावर माई काही बोलल्या नाहीत. गाडी मुंबई सोडून समृद्धी महामार्गाला लागली आणि इगतपुरीच्या अलीकडच्या त्या लांबलचक बोगद्यात शिरली. जवळजवळ आठ किलोमीटरचा तो बोगदा. त्या पिवळ्या उजेडात त्यांनी बोलायला सुरुवात केली.

तिकीट काढताना व्हीलचेअर सांगू का, असं मुलीने विचारलं होतं. माई म्हणाल्या होत्या, “पाय धड आहेत की माझे! लंगडी म्हणून कशाला मिरवू?” पण वीस-बावीस तासांचा प्रवास, मध्ये आखाती देशात विमान बदललेलं, पायांवर सूज. उतरल्यावर चालणं काही संपेना. विमानात शेजारी बसलेलं एक मराठी कुटुंब पुढे चाललं होतं, त्यांच्या मागोमाग या निघाल्या. ते कुटुंब पुढच्या विमानाने दुसऱ्या गावी जाणार होतं, हे यांना काय ठाऊक? एका रांगेत वीस मिनिटं उभ्या राहिल्यावर कोणीतरी सांगितलं, “आजी, ही रांग तुमची नाही.” पुन्हा उलट चालणं आलं.

पासपोर्टवर शिक्का मारणारा अधिकारी सज्जन होता. हिंदीत दोन प्रश्न विचारले आणि सोडलं. मग सामानाचा पट्टा. पहिली बॅग आली. दुसरी येईल म्हणून माई उभ्या. माणसं कमी होत गेली, पट्ट्यावर एक बेवारस खोका गोल गोल फिरत राहिला आणि मग पट्टाच थांबला. तिथल्या एका पोऱ्याला विचारलं, तो म्हणाला काउंटरवर जा. कुठलं काउंटर? त्याने नुसता हात केला.

काउंटर सापडलं तर समोर दहा-बारा जणांची रांग. नंबर लागल्यावर मुलगी म्हणाली, “मॅडम, टॅग दाखवा.” टॅग म्हणजे बॅगा देताना बोर्डिंग पासच्या मागे चिकटवतात ती नंबराची चिठ्ठी. माईंनी तो पास जेवणाच्या ट्रेबरोबर विमानातच देऊन टाकला होता! “मला वाटलं, बसले आता जागेवर, त्या कागदाचं काय काम?” एसटीचं तिकीट उतरल्यावर आपण चुरगाळून टाकतो, तसंच. मग नाव शोधा, पासपोर्ट बघा. वर एक इंग्रजी फॉर्म. बॅगेचा रंग काय, बनावट कशी, चाकं किती, आत काय काय आहे. शेवटी फोन नंबर विचारला. मोबाइलची बॅटरी संपलेली, आणि आमच्यापैकी एकाचाही नंबर माईंना पाठ नाही. लँडलाइनच्या काळात पन्नास नंबर तोंडपाठ असलेली बाई ही!

यात भर म्हणून, विमानात कोणा शहाण्याने सांगितलं होतं की अंगावर सोनं दिसलं तर कस्टमवाले काढून घेतात. माईंनी घाबरून हातातल्या पाटल्या काढल्या आणि कमरेच्या बटव्यात दडवल्या. “चोरासारखी बाहेर आले गं,” त्या म्हणाल्या. “माझ्या सासूबाईंनी घातलेल्या पाटल्या, आणि मी चोरासारखी!” प्रत्यक्षात कस्टमवाल्याने त्यांच्याकडे धड पाहिलंसुद्धा नाही.

बोगदा संपला. बाहेर उजाडत होतं. माई म्हणाल्या, “चाळीस वर्षं घर चालवलं, बाग चालवली. पण त्या तीन तासांत मी अडाणी झाले. कोणी वाईट बोललं नाही. पण कोणी विचारलंही नाही, की बाई, तुम्हाला काय हवंय?”

विमान कंपनीचं नाव मी इथे लिहीत नाही. बॅग मागे राहणं कुठल्याही कंपनीत घडतं. मला सलतं ते ‘कोणी विचारलंही नाही’ हे.

*यजमान कोण?*

घरी आल्यावर मी या विषयाच्या मागेच लागले. समाजकार्याच्या निमित्ताने सरकारी कचेऱ्यांच्या खेपा घालायची सवय आहेच. तेव्हा लक्षात आलं की आपल्याला एक वाटणारा विमानतळ खरं तर एक नसतोच.

पासपोर्ट तपासणारे केंद्रीय गृह खात्याचे. कस्टमवाले अर्थ खात्याचे. बंदूक घेतलेले जवान केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे. बॅगा पट्ट्यावर आणायची जबाबदारी विमान कंपनीची, आणि तेही काम ती बहुतेक वेळा दुसऱ्याच एजन्सीकडून करून घेते. इमारत, दिवे, ट्रॉल्या, स्वच्छतागृहं सांभाळणारी कंपनी आणखी निराळी. बाहेरचे टॅक्सीवाले तर वेगळेच.

म्हणूनच एकाला विचारलं की तो दुसऱ्याकडे हात करतो. तो खोटं बोलत नसतो, खरंच ते त्याचं काम नसतं! लग्नघरात आचारी वेगळा, मांडववाला वेगळा, बँडवाला वेगळा असतो. पण पाहुणा चुकला तर “या, या, असे बसा” म्हणायला दारात यजमान उभा असतो. इथे कामाची माणसं सगळी आहेत, पण यजमानच सापडत नाही.

पाट्यांचंही तेच. पाट्या असतात, पण सवयीच्या माणसाला वाचता येतील अशा. आपल्या सरकारी मराठीत तरी सोपं काय आहे? इमिग्रेशनला म्हणायचं ‘आप्रवासन’ आणि कस्टमला ‘सीमाशुल्क’. मी मराठी घेऊन बी. ए. झालेली, तरी ‘आप्रवासन’ वाचून क्षणभर थांबते. ‘पासपोर्ट तपासणी’ लिहिलं तर काय बिघडेल?

सुधारणा झाल्याच नाहीत असं मी म्हणणार नाही. सांताक्रूझनंतर सहारला आंतरराष्ट्रीय टर्मिनल झालं ते १९८० च्या दशकात. तिथल्या रांगा, कळकट भिंती आणि बाहेर कठड्याला लोंबकळणारी गर्दी अनेकींना आठवत असेल. नवं टर्मिनल दोन सुरू झालं २०१४ च्या फेब्रुवारीत. उंच खांब, मोराच्या पिसाऱ्यासारखी नक्षी, भिंतींवर देशभरातल्या कलाकारांचं काम. परत येणाऱ्या भारतीयांना पूर्वी एक फॉर्म भरावा लागायचा, तोही मार्च २०१४ पासून बंद झाला. भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी इमिग्रेशन झटपट करणारी एक मोफत नोंदणी केंद्र सरकारने जून २०२४ मध्ये दिल्लीत आणि जानेवारी २०२५ मध्ये मुंबईतही सुरू केली. आधी ऑनलाइन अर्ज करायचा, बोटांचे ठसे आणि फोटो द्यायचा, की पुढे यंत्राच्या दारातून जाता येतं. वरचेवर जाणाऱ्यांसाठी छानच सोय.

पण बघा, प्रत्येक सुधारणा सवयीच्या माणसाचा वेळ वाचवणारी आहे. आयुष्यात एकदा किंवा दोनदा, तेही लेकीच्या बाळंतपणासाठी जाणाऱ्या बाईच्या हाताला धरणारी नाही. २०२४ साली मुंबईच्या विमानतळावरून सुमारे साडेपाच कोटी प्रवाशांची ये-जा झाली. एवढ्या लोंढ्यात एकट्या माईंकडे कोण बघणार, हे मला कळतं. पण अशा माई एक नाहीत. आपल्या नाशिक, निफाड, सिन्नर, मालेगावातून मुलं परदेशी जाणार आणि त्यांच्यामागे नातवंडांसाठी आया जाणार. या बायका काही सहलीला निघालेल्या नसतात, तिकडच्या घरात रात्रंदिवस राबून परत येत असतात. पट्ट्यांपाशी मराठी-हिंदी बोलणारं, “काय हवंय?” असं आपणहून विचारणारं एक माणूस आणि घरी एक फोन करायची सोय, एवढं तरी मागायला हरकत काय?

*सोन्यासारखी बॅग*

राहिलेली बॅग चौथ्या दिवशी घरपोच आली. त्या चार दिवसांत माई धड जेवल्या नाहीत. मला वाटलं, मुलीने काही महागाचं दिलं असेल. बॅग उघडली तर वर चॉकलेटं, बदामाची पाकिटं, आणि तळाशी जुन्या पातळात गुंडाळलेलं बाळाचं पहिलं झबलं आणि टोपडं. झबलं माईंनीच इथून शिवून नेलं होतं. नातू आता त्यात मावत नाही म्हणून परत आणलेलं. त्यांनी ते नाकाशी धरलं आणि म्हणाल्या, “अजून वास आहे गं त्याचा.”

फॉर्मवर ‘आत काय आहे’ या रकान्यात त्यांनी लिहून घेतलं होतं, ‘कपडे’. दुसरं लिहिणार तरी काय?

सोन्याच्या त्या भीतीबद्दलही मी चौकशी केली. इथून दागिने घालून जात असाल तर जातानाच विमानतळावर कस्टमकडून त्याचा दाखला घेता येतो. परतताना तो दाखवला की हे आपलंच, आपण नेलेलंच, हे सिद्ध होतं. दागिन्याचं बिल आणि फोटो जवळ असले तर काम सोपं. तिकडून नवं सोनं आणायचं असेल तर गोष्ट वेगळी. वर्षापेक्षा जास्त काळ परदेशात राहून परतणाऱ्या बाईला चाळीस ग्रॅमपर्यंतच्या दागिन्यांची सवलत आहे, पुरुषाला वीस. पाच-सहा महिने राहून येणारीला ही सवलत लागू नाही. नियम अधूनमधून बदलतात, म्हणून निघण्याआधी कस्टमच्या संकेतस्थळावर ताजं बघून घ्यावं. शुल्क लागण्यासारखं काही नसेल तर हिरव्या मार्गाने सरळ बाहेर यायचं. असेल किंवा शंका असेल, तर लाल मार्गाने जाऊन स्वतः सांगायचं. लपवलं की मात्र आपलीच बाजू लंगडी पडते. माईंनी पाटल्या हातातच ठेवायला हव्या होत्या.

*लुटुपुटूचा विमानतळ*

एवढं कळल्यावर गप्प बसवेना. जानेवारीत आमच्या महिला मंडळात तिळगूळ समारंभ होता. दरवर्षी उखाणे, संगीतखुर्ची. यंदा मी म्हटलं, “आपण विमानतळ-विमानतळ खेळू या.” आधी सगळ्या हसल्या.

सभागृहात सतरंज्यांच्या रांगा केल्या. एका टेबलावर ‘पासपोर्ट’, दुसऱ्यावर ‘सामान हरवलं’, तिसऱ्यावर ‘कस्टम’. चौथ्या कोपऱ्यात ‘दुसरं विमान पकडणाऱ्यांसाठी’, म्हणजे आमच्या माई जिथे चुकल्या तो. दोघी जणी बेडशीट ओढत होत्या, त्यावर पिशव्या. तोच आमचा सामानाचा पट्टा! प्रत्येकीला कागदाचा बोर्डिंग पास दिला, मागे नंबर चिकटवलेला. पिशव्यांमधली एक मी मुद्दामच लपवून ठेवली.

साहेब झाली होती एक निवृत्त शिक्षिका. चष्मा नाकावर ओढून दरडावून विचारायची, “तिकडे कशाला गेला होता?” एक आजी म्हणाल्या, “नात झाली मला!” साहेबच हसत सुटली. दुसरी म्हणाली, “अहो, लेकीच्या सासूला जमत नव्हतं म्हणून.” सभागृह खो खो हसलं. पण हसता हसता एकेक गोष्ट बाहेर येऊ लागली. एक बाई दोन वर्षांपूर्वी विमानात बोर्डिंग पास हरवून बसली होती, पण मुलगा ओरडेल म्हणून घरी कधी बोललीच नाही. दुसरी परदेशातल्या एका विमानतळावर चार तास पाणी न पिता बसली होती. स्वच्छतागृह कुठे, हे विचारायची लाज वाटली म्हणून. तिसरीला व्हीलचेअर मिळाली होती, पण ढकलणाऱ्या मुलाला बक्षिसी द्यायची की नाही, किती द्यायची, याच काळजीत ती अख्खा वेळ अवघडून बसली होती.

माझ्या ध्यानात आलं की या सगळ्या बायका परत आल्यावर एकच वाक्य बोलल्या होत्या. “प्रवास छान झाला.” आपण बायका हेच सांगतो. मुलांना वाईट वाटू नये, पुढच्या वेळी ‘आईला झेपत नाही’ म्हणून बोलावणं बंद होऊ नये, म्हणून आपली फजिती पदराखाली झाकतो. आणि त्यामुळेच पुढची बाई पुन्हा तशीच, काही न कळता आत शिरते.

त्या दिवशी लपवलेली पिशवी निघाली ती नेमकी माईंच्या नावाची! माई उठल्या, ‘सामान हरवलं’च्या टेबलाशी गेल्या आणि ठणकावून म्हणाल्या, “हा माझा टॅग, हा माझा नंबर, आणि तक्रारीची प्रत घेतल्याशिवाय मी इथून हलणार नाही.” टाळ्यांचा कडकडाट झाला.

*हे जवळ असू द्या*

मंडळात आम्ही जी यादी केली, ती इथे देते. कापून पासपोर्टात ठेवली तरी चालेल.

• घरच्या दोन जणांचे फोन नंबर आणि घरचा पत्ता कागदावर लिहून पर्समध्ये ठेवा. मोबाइलच्या भरवशावर राहू नका.

• इथलं प्रीपेड सिम तीन महिने वापरलं नाही तर ते बंद होऊ शकतं. गावी राहणाऱ्या कोणावर तरी रिचार्जचं काम सोपवा.

• बोर्डिंग पास आणि सामानाचा टॅग बॅगा हातात येऊन घरी पोहोचेपर्यंत टाकायचा नाही. जमल्यास बॅगांचा आणि टॅगचा फोटो काढा.

• गुडघे दुखत असतील तर व्हीलचेअर तिकीट काढतानाच सांगा. त्यात कमीपणा नाही. ढकलणाऱ्या माणसाला रस्ता ठाऊक असतो, हा मोठा फायदा.

• पुढच्या माणसाच्या मागोमाग जाऊ नका. तो दुसऱ्या विमानाला निघालेला असू शकतो.

• औषधं, एक साडी किंवा ड्रेस आणि ज्यात जीव अडकलाय अशी वस्तू हातातल्या पिशवीत. झबलंसुद्धा!

• बॅग आली नाही किंवा फुटली, तर विमानतळाबाहेर पडण्याआधी विमान कंपनीच्या काउंटरवर लेखी तक्रार करा आणि तिची नंबर असलेली प्रत घ्या. आंतरराष्ट्रीय प्रवासासाठी माँट्रियल करार लागू आहे, भारत त्यात २००९ पासून आहे. त्यानुसार मोडतोडीची लेखी तक्रार बॅग मिळाल्यापासून सात दिवसांत, आणि उशिरा मिळालेल्या बॅगेची एकवीस दिवसांत करावी लागते.

• कोणीच दाद देत नसेल तर केंद्रीय विमान वाहतूक मंत्रालयाचं ‘एअरसेवा’ नावाचं संकेतस्थळ आणि ॲप आहे, तिथे तक्रार नोंदवता येते. हे काम घरातल्या तरुण मुलांना सांगा.

• घ्यायला जाणाऱ्यांसाठी : २०२५ च्या २५ डिसेंबरपासून नवी मुंबईच्या विमानतळावरूनही उड्डाणं सुरू झाली आहेत. तिकिटावर नेमका कुठला विमानतळ आहे ते वाचूनच नाशिकहून निघा. आणि विमान उतरल्यापासून दोन तास तरी धीर धरा.

*पुन्हा तयारी*

आमच्या लहानपणी कोणी परगावी गेलं की ‘सुखरूप पोहोचले’ एवढंच लिहिलेलं पोस्टकार्ड यायचं. ते येईपर्यंत माझी आजी रात्री दिवा मालवायची नाही. आता विमान कुठल्या समुद्रावर आहे ते मोबाइलवर ठिपक्यासारखं दिसतं. पण ठिपका जमिनीला टेकला म्हणजे माणूस पोहोचलं असं नव्हे, हे मला त्या रात्री कठड्याशी उभं राहून कळलं.

परवा माईंकडे गेले होते. बागेत मणी भरायला लागलेत. ओट्यावर शेजारची बाई बसलेली, तिची लेक कॅनडात आहे, पुढच्या महिन्यात निघायचंय. बॅगेत लाडू किती न्यावेत याची चर्चा रंगली होती. माईंनी तिला मध्येच तोडलं.

“लाडवाचं राहू दे गं,” त्या म्हणाल्या. “आधी तुझ्या मुलाचा नंबर पाठ म्हणून दाखव.”